कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबला नाही, त्यात त्या पोराची काय चूक?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात पाणी, रस्ते, विमानसेवा यावर वाचकांची पत्रं रोज येतात आणि यायलाच पाहिजेत, पण आज मी वेगळ्याच गोष्टीवर लिहितोय, जागा मिळाली तर बघा. मी पंचवीसेक वर्षं सोलापुरातल्या छोट्या कारखान्यांच्या ऑफिसातले संगणक सांभाळतो, त्यातले बरेचसे लिनक्सवर चालतात. मागच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात एका पोराचे दोन दिवसांचे पैसे कापले, आणि ज्या गोष्टीसाठी कापले ती चूक त्याची नव्हतीच, हे मी स्वतः संगणकावर बघून सांगतोय. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण असं कुठंही होऊ शकतं आणि होतंच.

पोरगं विडी घरकुलातलं, आई विड्या वळते, घरात तेलुगू, बाहेर मराठी, डिप्लोमा इंग्रजीतून. पुण्याला न जाता इथंच राहिलं. पॅकिंग खात्यात कार्टनवर चिकटवायची लेबलं छापणारी एक स्क्रिप्ट आहे, म्हणजे ओळीनं कमांडी लिहिलेली फाइल, ती चालवायचं काम त्याच्याकडं. पॅकिंगच्या टेबलावर एक जुना पीसी, त्यात ब्राउझर उघडला की ऑफिसातल्या सर्व्हरचं काळं टर्मिनल दिसतं. ही सोय एका कंत्राटदारानं स्वतः छोटा प्रोग्राम लिहून करून दिलेली.

त्या रात्री चुकीच्या ऑर्डरची लेबलं सुटली. पोरानं कंट्रोल-सी दाबलं, काही नाही. परत दाबलं, परत दाबलं, लेबलं आपली येतच आहेत. ब्राउझरची टॅब बंद केली तरी छपाई चालूच. शेवटी दुसऱ्या टॅबमधून त्यानं किल मायनस नऊ मारलं, म्हणजे एका फटक्यात जीव घेतला. छपाई थांबली, पण स्क्रिप्ट शेवटी जो कार्टनचा पुढचा नंबर फाइलमध्ये लिहून ठेवते तो लिहायचा राहिला, आणि सकाळच्या पाळीला लेबलं जुन्याच नंबरापासून सुरू झाली. चाळीस कार्टनवर तेच तेच नंबर! गाडी थांबली, सगळी फोडून परत लेबलं लावावी लागली, आणि ठपका कुणावर, तर ज्यानं मायनस नऊ मारलं त्याच्यावर.

मला बोलावलं तेव्हा पोरगं रडवेलं झालेलं. म्हणालं, "काका, मी स्क्रिप्टमध्ये ट्रॅप लावला होता की, कंट्रोल-सी आलं तर नंबर लिहून मग बंद हो म्हणून, घरच्या लॅपटॉपवर चालतंय, इथं चालंना, एररपण देईना." मी स्क्रिप्ट वाचली. ट्रॅपची ओळ अगदी बरोबर होती, एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मग मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन थेट त्याच्या कीबोर्डवरून लॉगिन केलं आणि तीच स्क्रिप्ट चालवली, कंट्रोल-सी दाबलं, पटकन थांबली, नंबर लिहिला. परत पॅकिंगच्या टेबलावर आलो, तीच स्क्रिप्ट, तोच युजर, आणि कंट्रोल-सी मेलेलं. म्हणजे दोष स्क्रिप्टच्या बाहेरचा, ती ज्याच्या पोटी जन्माला येते त्या शेलकडून (शेल म्हणजे टाईप केलेल्या कमांडी घेऊन चालवणारा प्रोग्राम) किंवा त्याच्याही वरून आलेला.

इथं थोडं समजावून सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं सरकावं. युनिक्समध्ये, आणि त्याच घराण्यातल्या लिनक्समध्ये, चालू प्रोग्रामला निरोप द्यायची पद्धत आहे, तिला सिग्नल म्हणतात, आणि प्रत्येक सिग्नलला नंबर असतो. १ म्हणजे हँगअप, पूर्वी टर्मिनल फोनच्या लाइनवर जोडलेलं असायचं, ती लाइन तुटली की हा जायचा, आता टर्मिनलची खिडकी बंद केली की जातो. २ म्हणजे इंटरप्ट, तोच आपला कंट्रोल-सी. ३ क्विट, १५ टर्म म्हणजे "आवरून घे आणि बंद हो", आणि ९ किल. प्रोग्राम यातल्या बहुतेकांबद्दल तीन गोष्टी करू शकतो, ठरलेलं ते होऊ देतो म्हणजे बहुतेक वेळा मरतो, किंवा स्वतःचा बंदोबस्त लावतो म्हणजे आधी फाइल लिहितो मग मरतो, किंवा चक्क दुर्लक्ष करतो. फक्त ९ आणि थांबवून ठेवणारा स्टॉप, लिनक्सवर बहुतेक मशिनींत तो १९, या दोघांपुढं कुणाचं काही चालत नाही.

आता खरी मेख. एक प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो, याला फोर्क म्हणतात, तेव्हा पोराला बापाचं सगळं मिळतं, सिग्नलबद्दलचे निर्णयसुद्धा. मग पोरगं एक्झेक नावाच्या कॉलनं नवा प्रोग्राम अंगावर घेतं, तेव्हा बापाचे बंदोबस्त पुसले जातात, कारण तो बंदोबस्त करणारा कोड आता मेमरीतच राहिलेला नसतो, पण "दुर्लक्ष कर" हा निर्णय पुसला जात नाही. तो तसाच उतरतो, नातवाला, पणतूला, कितीही पिढ्या. आणि त्यावर पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी ठरवलेल्या मानकाचा, आणखी एक नियम आहे की जी शेल स्क्रिप्ट सुरू होतानाच एखादा सिग्नल दुर्लक्षित असेल, तिला त्यावर ट्रॅप लावता येत नाही आणि तो पूर्ववतही करता येत नाही. ट्रॅपची ओळ लिहा, शेल ती मुकाट्यानं सोडून देतो, तक्रार करत नाही. हेच त्या पोराच्या बाबतीत झालं होतं. बिचाऱ्यानं रात्रभर आपल्याच ओळी तपासल्या असणार.

माझे वडील मागावर होते. कापडात आडवा दोष आला तर तो बाण्याचा म्हणजे आडव्या धाग्याचा, मागावर बसलेल्याकडं बघायचं, पण उभी रेघ टोकापासून टोकापर्यंत गेली असेल तर बीम बघ नाहीतर फणी बघ, विणणाऱ्याला बोलायचं नाही, हे त्यांनी मला लहानपणी हात धरून दाखवलंय. सोलापुरात हे ज्याला त्याला माहीत आहे. त्या मालकांना पण माहीत आहे, चादरीच्या बाबतीत.

तर शोधायचं कसं. सगळ्यात आधी एसटीटीवाय मायनस ए मारून बघा की टर्मिनलची इंटरप्टची की कंट्रोल-सीच आहे ना आणि आय-सिग नावाची खूण चालू आहे ना, कारण कधी कधी एखादा प्रोग्राम अर्ध्यात मरून टर्मिनल बिघडवून जातो आणि आपण उगाच वरपर्यंत शोधत बसतो. इथं ते ठीक होतं. मग ज्या प्रॉम्प्टवर त्रास आहे तिथंच टाईप करा: ग्रेप सिग /प्रॉक/सेल्फ/स्टेटस. पेपरात देवनागरीत छापतात म्हणून असं लिहितोय, टाईप इंग्रजी अक्षरांत करायचं, आणि सिगचा एस कॅपिटल. लिनक्समध्ये प्रॉक नावाच्या फोल्डरखाली प्रत्येक चालू प्रोसेसची माहिती असते, सेल्फ म्हणजे ती फाइल वाचणारा स्वतः, म्हणजे इथं ग्रेप. ग्रेप म्हणजे फाइलीत शब्द शोधणारी कमांड, ती तुमच्या शेलचं पोरगं आहे, तेव्हा तिला वारशात काय मिळालं ते ती स्वतःच सांगते. त्यात सिग-इग्न म्हणून एक ओळ येते, तीत सोळा आकडे. सगळे शून्य असतील तर वारसा स्वच्छ. सर्व्हरच्या खोलीत सगळे शून्य आले. पॅकिंगच्या टेबलावर शेवटचा आकडा ७ होता.

हा आकडा दहाच्या नाही, सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेला असतो, वाचायला सोपा आहे. १ नंबरच्या सिग्नलला १, २ नंबरला २, ३ नंबरला ४, असं दुप्पट दुप्पट. ७ म्हणजे १ अधिक २ अधिक ४, म्हणजे हँगअप, इंटरप्ट आणि क्विट तिन्ही बंद. कंट्रोल-सी का चाललं नाही आणि टॅब बंद करूनही छपाई का थांबली नाही, दोन्हीची उत्तरं त्या एका ७ मध्ये. मी पोराला तो ७ दाखवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, आदल्या रात्रीपासून पहिल्यांदा त्यानं नीट श्वास घेतला असं मला वाटलं.

एक सावधगिरी सांगतो, इथं भले भले फसतात. शेलची स्वतःची स्टेटस फाइल उघडून बघू नका, निदान त्यावरून निर्णय घेऊ नका. समोर बसून वापरायचा बॅश, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा शेल, स्वतःसाठी क्विट, टर्म आणि कंट्रोल-झेडवाले सिग्नल मुद्दाम दुर्लक्षित ठेवतो, धडधाकट मशिनीवरही त्याच्या ओळीत ३८४००४ असा आकडा दिसतो, ते बघून माणूस घाबरतो. बॅश इंटरप्टला स्वतः उत्तरही देतो, म्हणून रिकाम्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबलं तर नवी ओळ येते आणि वाटतं की चालतंय की. पण कमांड चालवताना तो पोराला स्वतःच्या सवयी देत नाही, त्याला त्याच्या बापाकडून जे मिळालं होतं ते देतो. म्हणून बॅशला नाही, त्याच्या पोराला विचारायचं.

मग वर चढायचं. पीएसट्री मायनस एस मायनस पी आणि प्रोसेसचा नंबर दिला की पूर्वजांची साखळी दिसते, बॅश सोडून एकेकाची स्टेटस फाइल बघत जायची, ज्याच्या पोटी ७ आहे आणि ज्याच्या वर नाही ती जागा आपली. आमच्या साखळीत लेबलची स्क्रिप्ट, तिच्या वर बॅश, त्याच्या वर कंत्राटदाराचा प्रोग्राम, आणि त्याच्याही स्टेटस फाइलमध्ये ७. मशीन चालू झाल्यावर त्याला सुरू करणारी एक चार ओळींची स्क्रिप्ट होती, तिच्या तिसऱ्या ओळीत सापडलं: कमांडच्या पुढं नोहप, मागं अँड, म्हणजे & ही खूण, कमांड मागं चालू ठेवायला लावतात ती. बस एवढंच. नोहपनं हँगअप बंद केला, ते त्याचं कामच आहे, आणि स्क्रिप्टमध्ये मागं अँड लावलं की शेल त्या कमांडसाठी इंटरप्ट आणि क्विट बंद करतो. एक, दोन, चार. सात.

हा अँडचा नियम कुणाचा मूर्खपणा नाही, त्याला कारण आहे. युनिक्स बेल लॅब्समध्ये १९६९ साली सुरू झालं, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये हा नियम छापलेला आहे. तेव्हा जॉब कंट्रोल, म्हणजे एकाच टर्मिनलवरची कामं थांबवायची, मागं-पुढं करायची सोय, नव्हतं, एका टर्मिनलवरून सुरू केलेले सगळे प्रोग्राम एकाच गटात असायचे, पुढचं काम थांबवायला की दाबली तर मागं चालू असलेलंही मेलं असतं, म्हणून मागच्याला "तू दुर्लक्ष कर" असं सांगून ठेवायचे. पुढं जॉब कंट्रोल आलं, समोर बसून वापरायच्या शेलमध्ये प्रत्येक कामाला वेगळा गट मिळाला आणि हा प्रश्न तिथं उरला नाही. पण स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल मुळात बंद असतं, त्यामुळं तिथं जुना नियम आजही चालतो, आणि पॉझिक्सनं तो ठेवलाय.

दुरुस्ती दोन जागी करायची असते. कंत्राटदाराच्या प्रोग्रामनं नवं टर्मिनल देताना, फोर्क झाल्यावर आणि एक्झेकच्या आधी, सगळे सिग्नल ठरलेल्या जागी परत आणायला पाहिजेत आणि ब्लॉक केलेल्या, म्हणजे रोखून धरलेल्या सिग्नलची यादीही रिकामी करायला पाहिजे, कारण तीसुद्धा वारशात उतरते. टीमक्ससारखे (एका खिडकीत अनेक टर्मिनलं देणारा) नीट लिहिलेले प्रोग्राम अशी झाडझूड करतात. कंत्राटदाराला मी फोन केला, त्यानं ऐकून घेतलं, दोन ओळी टाकून देतो म्हणाला. तोपर्यंत मी सुरुवातीच्या स्क्रिप्टमधलं नोहप आणि अँड काढून तो प्रोग्राम सिस्टमडीची सर्व्हिस केला, सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये मशीन चालू झाल्यावर बाकीचे प्रोग्राम सुरू करून सांभाळणारा. सिस्टमडी या तिघांना हात लावत नाही, फक्त सिगपाइप म्हणजे १३ नंबर तो स्वतःहून दुर्लक्षित ठेवतो, त्याची इग्नोर-सिगपाइप नावाची सेटिंग आहे, ती "नो" करून घ्या, नाहीतर एक आजार काढून दुसरा लावल्यासारखं होतं. या १३ नंबरचा त्रास वेगळा दिसतो, मोठ्या यादीला हेड जोडून पहिल्या दहा ओळी मागितल्या की दहा ओळी येतात आणि वर ब्रोकन पाइपची एरर येते. पायथनही सुरू होताना स्वतःसाठी १३ नंबर बंद करतो, त्याच्या सबप्रोसेसमधून कमांड सोडली तर ३.२ आवृत्तीपासून तो पोरासाठी पूर्ववत करून देतो, पण थेट एक्झेक केलं तर नाही. सिग-इग्नच्या ओळीत १००१००० दिसलं तर आधी पूर्वजांत पायथन शोधा.

मशीन आपल्या हातात नसेल, नुसतं टर्मिनल मिळालेलं असेल, तर पर्लच्या एका ओळीत इंटरप्ट डिफॉल्ट करून त्यातूनच नवा बॅश एक्झेक करता येतो, किंवा एन्व्ह कमांड नवी असेल तर तिला मायनस मायनस डिफॉल्ट-सिग्नल सांगता येतं. त्या नव्या बॅशच्या पोरांना कंट्रोल-सी परत मिळतं. जुन्या बॅशमध्येच ट्रॅपनं काहीतरी करू बघाल तर वेळ जाईल.

आणि जे पोरगं रात्री दोन वाजता टेबलाशी एकटं आहे त्याच्यासाठी, हे कापून ठेवा. कंट्रोल-सी चालत नसेल तर लगेच मायनस नऊ मारू नका. कंट्रोल-झेड दाबा, तो वेगळा सिग्नल आहे, या ७ मध्ये तो बंद नव्हता, प्रोग्राम जागेवर थिजतो. मग किल टक्के-एक लिहा, म्हणजे त्या कामाच्या सगळ्या गटाला १५ नंबर जातो, आवरून घे म्हणून. काम एकच असेल तर टक्के-एक, नाहीतर जॉब्स लिहून नंबर बघून घ्या. टॅब हातची गेली असेल तर दुसऱ्या टर्मिनलवरून नुसतं किल आणि प्रोसेसचा नंबर, मायनस नऊ न लावता. आमच्या स्क्रिप्टमध्ये १५ नंबरचा ट्रॅप होताच, पोरानंच लावलेला, त्या रात्री तो वापरला असता तर नंबर लिहिला गेला असता आणि चाळीस कार्टन वाचली असती. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मी बघितलं, किल मायनस नऊ लिहिलेलं होतं, १५ चा उल्लेख नाही, वारशाचा तर नाहीच.

म्हणून आपल्या पेपरातून तीन जणांना विनंती करायची आहे. इथल्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा कॉलेजच्या सरांना, मॅडमना, की ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला फोर्क आणि एक्झेक शिकवता तेव्हा एक तास या ७ ला द्या, नोहप आणि अँड लावून एक शेल सुरू करा आणि पोरांना त्यातून ग्रेप मारायला लावा, ते कधी विसरणार नाहीत. कारखानदारांना, की कंत्राटदाराकडून मशीन ताब्यात घेताना नुसतं चालतंय का बघू नका, थांबतंय का तेही बघा, कंट्रोल-सी दाबून बघा, टॅब बंद करून मागं काही शिल्लक राहतंय का बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि संपादक साहेब आपल्याला, की आठवड्यातून अर्धा कॉलम मराठीत अशा गोष्टींसाठी ठेवता आला तर ठेवा. हे सगळं इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, पण विडी घरकुलातल्या पोराला रात्री दोनला ते शोधून वाचून समजून घ्यायचं म्हणजे किती अवघड आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तेच मी त्याला मराठीत सांगितलं तर वीस मिनिटांत कळलं, उलट त्यानंच मला विचारलं की काका, मग क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवलेल्या कामांना काय वारसा मिळतो. दुसऱ्या दिवशी क्रॉनमधून तीच ग्रेपची ओळ फाइलमध्ये लिहून त्यानं स्वतः बघून घेतलं.

आता पॅकिंगच्या टेबलाशेजारी भिंतीवर त्यानं एक पुठ्ठा लावलाय, लेबलाच्याच कागदावर मोठ्या अक्षरात, कंट्रोल-झेड, मग किल टक्के-एक. पाळीवरच्या बायकासुद्धा वाचून करतात. सर्व्हिस बदलल्यापासून कंट्रोल-सीच चालतं, तरी पुठ्ठा राहू दे म्हटलं मी.

कापलेले दोन दिवसांचे पैसे मात्र अजून त्याला मिळालेले नाहीत. मालकांना मी दोनदा भेटलो, आकडा दाखवला, त्यांनी मान डोलावली, हिशेब झालाय म्हणाले. हे पत्र छापून आलं तर अंक घेऊन तिसऱ्यांदा जाणार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर